संग्रहालयाच्या बाहेरच्या भिंतीवरचं भव्य म्युरल कसं टिपायचं? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या फोटोग्राफरांचे नेहमीचे प्रश्न

आपल्या भागात लग्नाचे आणि मिरवणुकीचे फोटो उत्तम काढणारी मुलं गल्लोगल्ली आहेत. तीच मुलं बेंगळूर, गोवा किंवा मुंबईला जातात, एखाद्या नव्या संग्रहालयाच्या बाहेर तीन मजली म्युरल, म्हणजे भिंतीवरचं चित्र, बघतात, आणि घरी आल्यावर विचारतात, "सर, डोळ्यांना केवढं दिसलं होतं, फोटोत पोस्टकार्डाएवढं का झालं?" आता आपल्याकडेही शाळा, उड्डाणपूल आणि सरकारी इमारतींच्या भिंती रंगू लागल्यात. वरचेवर येणारे प्रश्न म्हणून एका ठिकाणी लिहून ठेवले आहेत. उन्हापावसातल्या चित्राला आयुष्य कमी असतं आणि पुढे बऱ्याचदा फोटोच शिल्लक राहतो, हे मनात ठेवून उत्तरं दिली आहेत.

फोटो कशाचा काढायचा, चित्राचा की इमारतीचा?

दोन्हींचा, पण वेगवेगळा. पहिला फोटो नोंदीचा: चित्र सरळ समोरून, चारही कडा दिसतील असं, रंग खरे. दुसरा फोटो जागेचा: ती भिंत कुठल्या रस्त्यावर आहे, शेजारी काय आहे, माणूस तिच्यापुढे केवढा दिसतो. एकाच फ्रेममध्ये दोन्ही साधायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतात.

2008 च्या उन्हाळ्यात लंडनच्या टेट मॉडर्ननं नदीकडच्या दर्शनी बाजूवर सहा कलाकार आणि कलाकारगटांकडून सुमारे पंधरा मीटर उंचीची चित्रं करून घेतली होती. ती इमारत म्हणजे जुनं वीजकेंद्र. विटांचा अवाढव्य ठोकळा आणि मधोमध चिमणी. नुसती चित्रं कापून घेतलेला फोटो बघितला तर ती कुठल्याही भिंतीवरची वाटतील. चिमणी आणि नदीकाठ फ्रेममध्ये आला की ती चित्रं तिथंच का शोभली, ते कळतं.

काही कामांना उभं राहायची जागाही ठरलेली असते. फ्रेंच कलाकार जेआर यानं 2016 मध्ये पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातल्या काचेच्या पिरॅमिडवर मागच्या राजवाड्याचा प्रचंड फोटो चिकटवला. ठरलेल्या जागेवरून बघितलं की पिरॅमिड नाहीसा झाल्यासारखा वाटायचा, बाजूला सरकलं की चित्र मोडायचं. अशा कामाचा फोटो काढायच्या आधी कलाकाराला किंवा संग्रहालयातल्या माणसांना जागा विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

किती अंतरावर उभं राहायचं?

हिशेब सोपा आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतला प्रकाश टिपणारा भाग, 36 मिलिमीटर रुंद आणि 24 मिलिमीटर उंच असतो. भिंतीच्या रुंदीला लेन्सवर लिहिलेल्या मिलिमीटरच्या आकड्यानं गुणा आणि 36 नं भागा. उंचीसाठी तसंच करून 24 नं भागा. दोन्हींत जे अंतर जास्त येईल ते धरा.

समजा भिंत 18 मीटर रुंद आणि 12 मीटर उंच आहे. 24 ची लेन्स असेल तर 12 मीटरवर ती काठोकाठ बसते, 35 ला साडेसतरा मीटर लागतात, 50 ला 25 मीटर. किटबरोबर येणारी 18-55 लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर असेल, तर 18 ला साधारण 14 मीटर धरा. यावर आणखी दीड-दोन मीटर मागे सरका, कारण नंतर रेषा सरळ करताना कडा कापल्या जातात.

जागा असेल तर मागे जाऊन 50 वापरा. वाईड लेन्सनं जवळून काढलेल्या फोटोत चित्राचे कोपरे ओढल्यासारखे दिसतात, आणि कोपऱ्यात चेहरा असला की तो बिघडतो.

समोर रस्ताच अरुंद आहे. मागे सरकायला जागा नाही. मग?

शहापूर, खडेबाजार किंवा निपाणीच्या जुन्या गल्ल्यांत हा प्रश्न हमखास येतो. मार्ग तीन.

पहिला, समोरच्या घराची गच्ची. बारा मीटर उंच चित्राचा मध्य सहा मीटरवर येतो, म्हणजे साधारण दुसरा मजला. तिथून कॅमेरा सरळ धरता येतो, वर बघावं लागत नाही. घरातल्या काकूंना काय करायचंय ते नीट सांगा, काढलेला फोटो दाखवा. आपल्याकडे गच्ची नाकारणारी माणसं कमी, चहा पाजून सोडणारी जास्त.

दुसरा, तुकड्या-तुकड्यांत काढून जोडणं. एका जागी उभं राहून कॅमेरा फिरवत काढलं तर जोड चांगला बसतो, पण कडा बाहेर पळतात आणि नंतर त्या सरळ कराव्या लागतात. भिंतीला समांतर चालत, दर दोन-तीन पावलांवर थांबून काढलं तर सपाट भिंतीवर जोड सरळ येतो. मात्र मध्ये विजेचा खांब किंवा झाड असेल तर ते प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी दिसतं आणि जोडताना दोनदा उमटतं. दोन्ही प्रकारांत शेजारच्या फोटोंत तिसरा हिस्सा तरी समाईक ठेवा. एक्सपोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग सावरण्याची सेटिंग) मॅन्युअलवर घट्ट करा, नाहीतर आभाळाचे पट्टे दिसतात. जोडायला हगिन हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि दोन्ही पद्धती सांभाळतं.

तिसरा मार्ग शिफ्ट लेन्सचा, म्हणजे कॅमेरा न झुकवता फ्रेम वर-खाली सरकवता येणाऱ्या लेन्सचा. महाग आहे. एका कामापुरती भाड्यानं मिळाली तर बघा.

बिल्डिंग मागे पडल्यागत का दिसते?

कॅमेरा वर उचलला की सेन्सर भिंतीशी समांतर राहत नाही. वरचा भाग कॅमेऱ्यापासून लांब, म्हणून लहान दिसतो आणि उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. उपाय एकच: कॅमेरा भिंतीशी समांतर ठेवा. स्क्रीनवरची लेव्हल सुरू करा. भिंतीचा खालचा भाग आणि रस्ता जास्त आला तरी चालेल, तो नंतर कापता येतो.

थोडा झुकाव राहिलाच तर लाइटरूम, डार्कटेबल किंवा मोबाईलवरच्या स्नॅपसीडमध्ये सरळ करता येतो. फक्त जास्त ताणू नका. ताणल्यावर चित्रातली माणसं उंच आणि किडकिडीत होतात. म्हणून समोर उभं असताना चित्रातली एखादी गोल गोष्ट हेरून ठेवा: सूर्य, चाक, कपाळावरचं कुंकू. दुरुस्तीनंतर ती गोलच राहिली तर प्रमाण बरोबर आहे.

मोबाईलवर चालेल का?

चालेल. मोबाईलचा मुख्य कॅमेरा बहुधा 24 ते 26 च्या लेन्सएवढा बघतो, म्हणजे भिंत जेवढी रुंद त्याच्या पाऊण पट अंतर पुरतं. "पॉइंट फाइव्ह"वाला अल्ट्रा वाईड शक्यतो टाळा, त्याचे कोपरे मऊ येतात. झूम बोटांनी ताणून करू नका, पायांनी करा. ग्रिड सुरू ठेवा आणि रंग भडक करणारे मोड बंद ठेवा.

कोणत्या वेळी जायचं?

आधी भिंतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा. बाकी सगळं त्यावर ठरतं.

पूर्वेच्या भिंतीवर सकाळी ऊन, पश्चिमेच्या भिंतीवर दुपारनंतर, इथवर सगळ्यांना माहीत असतं. दक्षिण-उत्तरेच्या भिंतींत गंमत आहे. बेळगाव साधारण पावणेसोळा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत दुपारी उत्तरेच्या भिंतीवर वरून खाली घसरणारं ऊन पडतं आणि दक्षिणेची भिंत सावलीत राहते. डिसेंबरात उलट: दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 51 अंशांवर असतो, दक्षिणेची भिंत उजळून निघते आणि उत्तरेच्या भिंतीला दिवसभर ऊन लागत नाही. आणखी एक. भारतीय वेळ ज्या रेखांशावरून ठरते त्याच्या आपण बरेच पश्चिमेला आहोत, त्यामुळे घड्याळात बारा वाजले तरी सूर्य माथ्यावर यायला साधारण अर्धा तास असतो.

नोंदीच्या फोटोला मला स्वतःला पातळ ढगांचा उजेड सगळ्यात आवडतो. सावल्या नाहीत, चकाकी नाही, भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा प्रकाश. ढग नसतील तर भिंत पूर्ण सावलीत असतानाची वेळ धरा. अर्ध्या भिंतीवर ऊन आणि अर्ध्यावर शेजारच्या इमारतीची सावली, ही सगळ्यात वाईट वेळ. तेव्हा थांबा.

भिंतीला घासून जाणारं तिरकं ऊन मात्र वेगळ्याच कामाचं आहे. त्या उजेडात गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. रोलर कुठं कोरडा पडला, कुठं ब्रशनं दोनदा हात मारला, कुठं मोजमापासाठी आखलेल्या चौकटींच्या खडूच्या रेघा रंगाखालून अजून डोकावतायत, हे दिसतं. एका चेहऱ्याच्या डोळ्याजवळ जाऊन बघा: लांबून जी चमक वाटते ती जवळून हातभर रुंद, कडा फाटलेला पांढरा फटकारा असतो. असे दोन-चार जवळचे फोटो जरूर काढा. चित्रकारानं ते काम परांचीवर उभं राहून, अख्खं चित्र एकदाही न दिसता केलेलं असतं. ते कसब समोरच्या एका फोटोत येत नाही.

पावसाळ्यात काय?

एकाच जिल्ह्यात दोन हवामानं आहेत, हे ध्यानात घ्या. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो. भिंती ओल धरतात, शेवाळ चढतं, रंगाचे पापुद्रे सुटतात. तिकडे अथणी, रायबागला पाऊस कमी, पण ऊन कडक आणि धूळ फार. पश्चिमेकडचं नवं चित्र पहिल्या पावसाच्या आधीच टिपून घ्या. पूर्वेकडचं चित्र एखाद्या सरीनं धुतल्यावर टिपा.

भिजलेल्या भिंतीचा रंग गडद दिसतो आणि ओल उतरताना डाग पडतात, म्हणून नोंदीचा फोटो भिंत वाळल्यावरच. जागेचा फोटो मात्र पावसातच काढावा. ओल्या डांबरावर चित्राचे रंग उतरतात, छत्र्या येतात-जातात, बेळगाव बेळगावसारखं दिसतं. आणि पुढच्या वर्षी त्याच जागेवरून परत काढा. सांडपाण्याच्या पाइपाखालून आलेला काळा ओघळ वर्षभरात चेहऱ्यावर कुठवर उतरला, हे अशा दोन फोटोंवरूनच दाखवता येतं, आणि ते दाखवलं तरच कुणी पाइप दुरुस्त करतं.

नव्या संग्रहालयांच्या भिंती स्टीलच्या, काचेच्या असतात. चकाकी कशी घालवायची?

बेंगळूरच्या कस्तुरबा रोडवरचं म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी 2023 च्या फेब्रुवारीत लोकांसाठी उघडलं. त्याच्या बाहेरून स्टेनलेस स्टीलच्या नक्षीदार पत्र्यांचं आवरण आहे. अशा पृष्ठभागापुढे पोलरायझर (लेन्सवर लावायचा चकाकी कापणारा फिल्टर) लावून काही होत नाही, कारण उघड्या धातूवरची चकाकी तो कापत नाही. काच, टाइल्स आणि ऑइलपेंटवर तो कामाचा, पण तिरक्या कोनातून. अगदी समोरून फरक नगण्य. वाईड लेन्सवर तर तो आभाळाचा अर्धा भाग काळवंडून टाकतो. त्यापेक्षा सूर्य ढगाआड जायची वाट बघा, किंवा दोन पावलं बाजूला सरका. धातूची भिंत आभाळ दाखवते, आभाळ बदललं की भिंत बदलते. संध्याकाळी ती निळसर-गुलाबी होते, तेव्हा ती चकाकीच फोटोचा विषय होऊ द्या.

रंग खरे कसे येतील?

रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा. पहिल्या फोटोत भिंतीजवळ ग्रे कार्ड (राखाडी रंगाचं कार्ड) धरून ठेवा, त्यावरून व्हाइट बॅलन्स लावा. पांढरी भिंत जास्त असेल तर कॅमेरा फोटो काळसर करतो, तेव्हा एक्सपोजर अर्धा-एक स्टॉप वाढवा. आयएसओ 100, ॲपर्चर 8 च्या आसपास, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर. एडिट करताना सॅच्युरेशनला हात लावू नका. चित्रकारानं विटका गुलाबी निवडला असेल तर तो त्याचा निर्णय आहे.

वायरी, फ्लेक्स, उभ्या गाड्या. पुसून टाकायच्या का?

गाडीवाल्याला विनंती करा, बहुतेक जण हलवतात. वाढदिवसाचा फ्लेक्स दोन-चार दिवसांत उतरतो, थांबता येत असेल तर थांबा. दुसऱ्याचा फ्लेक्स स्वतः काढू नका, आपल्या गावात त्यावरून भांडणं होतात. सकाळी साडेसहा-सातला रस्ता मोकळा मिळतो, आठवडी बाजाराचा दिवस टाळा. 1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, शहरात मिरवणुका आणि बंदोबस्त असतो, त्या दिवशी ट्रायपॉड घेऊन निघू नका.

वायरी मात्र एआयनं पुसू नका. वायरीमागचं चित्र त्या सॉफ्टवेअरनं बघितलेलं नसतं, ते मनानं भरतं. नोंदीच्या फोटोत असं भरलेलं चित्र म्हणजे खोटी नोंद.

फ्रेममध्ये माणसं असावीत का?

जागेच्या फोटोत असावीतच. भिंत केवढी आहे हे चालत्या माणसाशिवाय कळत नाही. माणूस भिंतीजवळून जाऊ द्या, कॅमेऱ्याजवळून नको, नाहीतर चित्रच लहान वाटेल. कुणाचा चेहरा ठळक येत असेल तर विचारून घ्या. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना.

रात्रीचे फोटो?

सूर्य बुडाल्यावर वीस-तीस मिनिटांनी, आभाळात निळा रंग शिल्लक असतानाची वेळ धरा. आपल्याकडे नोव्हेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास, जून-जुलैत सातच्या. दिव्यांच्या झगमगाटात फोटोवर पट्टे दिसत असतील तर शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर आणा, आपली वीज 50 हर्ट्झची आहे.

ड्रोन उडवता येईल का?

बेळगाव शहरात आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा बघितल्याशिवाय नाही. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून 12 किलोमीटरपर्यंत वेगळी बंधनं आहेत, आणि सांबरा विमानतळामुळे शहराचा बराच भाग त्यात येतो. त्यात भर म्हणून हवाई दलाचं केंद्र, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आणि कॅन्टोन्मेंट. नकाशावरच्या मोकळ्या हिरव्या पट्ट्यातही उंचीची मर्यादा 120 मीटरची, आणि 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोनची नोंदणी लागतेच. खरं तर म्युरलला ड्रोनची गरज क्वचित पडते. समोरची गच्ची पुरते.

परवानगी कुणाची घ्यायची?

सार्वजनिक रस्त्यावरून हातात कॅमेरा धरून काढायला सहसा कुणी अडवत नाही. ट्रायपॉडनं रहदारी अडणार असेल तर पोलीस ठाण्यात सांगा. संग्रहालयाच्या आवारात त्यांचे नियम, ते आधी फोन करून विचारा. महापालिकेत किंवा सरकारी कचेरीत अर्ज द्यायचा असेल तर कन्नडमध्ये लिहून न्या, काम लवकर होतं. कन्नड लिहिणारा मित्र आपल्याकडे कुणाला नाही? कॅम्प भागात लष्करी इमारती, फाटकं आणि जवान फ्रेममध्ये येऊ देऊ नका.

काढलेला फोटो विकता येतो का? कॅलेंडरवर छापता येतो का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी विचारला जातो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सवलती दिल्या आहेत. इमारतीचा फोटो काढून छापता येतो. सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पाचा किंवा कारागिरीच्या वस्तूचाही छापता येतो. पण फोटोच्या त्या सवलतीत रंगवलेलं चित्र येत नाही. सिनेमात किंवा व्हिडिओत मात्र सार्वजनिक जागचं चित्रही घेता येतं. म्हणजे चौकात उभ्या असलेल्या पुतळ्याचा फोटो कॅलेंडरवर चालेल, त्याच चौकातल्या भिंतीवरच्या म्युरलचा फोटो चालायला चित्रकाराची परवानगी हवी. चित्रकार हयात असेपर्यंत आणि त्यानंतर 60 वर्षं हा हक्क टिकतो.

स्वतःच्या अभ्यासासाठी, समीक्षेसाठी, बातमीसाठी वापरायला कायदा मोकळीक देतो. विकायचं असेल तर लेखी परवानगी घ्या, आणि मिळालेल्या पैशातला वाटा चित्रकाराला द्या. एवढं मोठं चित्र करून त्याच्या हाती किती पैसे पडतात, हे एकदा त्यालाच विचारून बघा.

चित्रकाराचा नावाचा हक्क आणि कामाची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क वेगळा, तो कलम 57 मध्ये. अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनात कांस्याचं विशाल म्युरल केलं होतं. 1979 मध्ये ते उतरवून कोठारात टाकण्यात आलं आणि त्याची वाताहत झाली. सहगल कोर्टात गेले. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं उरलेले भाग त्यांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. अशा वेळी काम आधी कसं होतं याचे नीट फोटो किती मोलाचे ठरतात, ते वेगळं सांगायला नको.

चित्र रंगवलं जात असताना टिपायचं आहे. कसं?

कॅमेरा किंवा जुना मोबाईल समोरच्या गच्चीवर घट्ट बसवा आणि दर पाच मिनिटांनी एक फोटो घ्या. रोज आठ तास, दहा दिवस धरले तर 960 फोटो होतात. सेकंदाला 25 या वेगानं ते 38 सेकंदांत संपतात, एवढं बघणाऱ्याला पुरे. वारा, कावळे आणि पाऊस यांची सोय आधी करा. परांचीखाली उभं राहायचं नाही, आणि वर चढायचं तर मुकादमाला विचारून, हेल्मेट घालून.

कॅप्शनमध्ये काय लिहायचं?

चित्रकाराचं नाव सगळ्यात आधी, मग मदतनीसांची, मग जागा, चित्राचं वर्ष आणि फोटोची तारीख. नाव भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात असतं, तो कोपरा वेगळा टिपून आणा. चित्रकार के. बी. कुलकर्णींनी ज्या गावात विद्यार्थी घडवले, चित्रकार रवी परांजपे ज्या गावात जन्मले आणि कुलकर्णींच्या हाताखाली शिकले, त्या बेळगावात चित्रकाराच्या नावाशिवाय चित्राचा फोटो टाकणं बरं दिसत नाही.

मजकूर मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हींत द्या. भिंतीवर अक्षरं असतील, ती कुठल्याही भाषेतली असोत, पूर्ण दिसू द्या. आपल्याला नको ती ओळ कापून फोटो टाकायची सवय आपल्या भागात वाढली आहे. ती मोडायला हवी.

फाइली कशा ठेवायच्या?

मूळ रॉ फाइल, दुरुस्त केलेली मोठी फाइल आणि नेटसाठी एसआरजीबीमधली (बहुतेक स्क्रीनवर चालणाऱ्या रंगपद्धतीतली) लहान फाइल, तिन्ही ठेवा. फोल्डरच्या नावात गाव, इमारत, भिंतीची दिशा आणि तारीख घाला. दोन हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. आणि मोठ्या फाइलची एक प्रत चित्रकाराला पाठवा, वॉटरमार्क न टाकता. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं तर फाइल दाबली जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.